घरचा डबा की कंपनीचे पाकीट: ऑस्ट्रेलियाला फराळ नेताना

मेलबर्न किंवा सिडनीला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना बॅग भरताना एक निर्णय घ्यावाच लागतो: घरी केलेला फराळ डब्यांत भरून न्यावा, की दुकानातली सीलबंद पाकिटे घ्यावीत? सामानाच्या वजनाची मर्यादा आणि आगमनपत्रिकेवर खाद्यपदार्थांच्या प्रश्नापुढे ‘होय’ अशी खूण करणे या गोष्टी सर्वांना माहीत असतात, आणि ती खूण तर दोन्ही पर्यायांत करावीच लागते. जाहीर केलेला जिन्नस चालण्यासारखा नसेल तर तो काढून घेतात, दंड करत नाहीत; लपवलेला सापडला तर मात्र जबर दंड होतो आणि पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. मी दोन्ही प्रकारे फराळ नेला आहे, आणि माझे मत आता बरेचसे पाकिटांकडे झुकले आहे.

चवीच्या बाबतीत तुलना करण्यात अर्थ नाही. पाकिटातली चकली बहुधा तांदळाच्या पिठाची आणि पामतेलात तळलेली असते; तिला भाजणीच्या चकलीचा खमंगपणा येत नाही, आणि हे नातवंडांनाही कळते. बॅगेतली जागाही डबाच वाचवतो, कारण पाकिटांतली हवा दाबता येत नाही आणि दाबलीच तर चिवड्याचा चुरा होतो. डब्यात चकल्या उभ्या रचून वर पेपर नॅपकिनची घडी ठेवली, तर माझ्या अनुभवाप्रमाणे त्या मोडत नाहीत. इथपर्यंत घरच्या डब्याचीच सरशी आहे.

पारडे फिरते ते तपासणीच्या टेबलापाशी. घरच्या डब्याला झाकणाभोवती सेलोटेपचे तीन वेढे असतात, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिलाही गाठ. हे सारे रात्रभराच्या प्रवासानंतर, मागे रांग उभी असताना, आपणच सोडायचे असते. तरीही मला त्रास झाला तो त्या सोडण्याबांधण्याचा नव्हे. अधिकारी अगदी सौजन्याने विचारतात, ‘यात काय काय आहे?’ आणि आपण भाजणी सांगू लागतो: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरे. त्यांतले तांदूळ, हरभरा, धणे आणि जिरे हे सारे ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या सामानातून आणण्यास मनाई केलेल्या जिनसांच्या यादीत आहेत. खरे बोलावे तर आपणच आपल्या चकलीविरुद्ध साक्ष देत असतो, आणि खोटे तर बोलायचेच नसते. पुढे भाजणे, दळणे, तळणे यांचे मोडक्या इंग्रजीत वर्णन करावे लागते. पाकिटाच्या बाबतीत हा प्रसंगच येत नाही. अधिकारी पाकीट उलटे करून मागचा मजकूर वाचतात आणि पुढे सरकवतात. निदान माझ्या पाकिटांच्या बाबतीत तरी असेच घडले आहे.

या मनाईच्या मुळाशी खापरा भुंगेरा आहे. साठवलेल्या धान्याची नासाडी करणारी ही कीड मूळची आपल्याच उपखंडातली. तिच्या अळ्या फटींत दडून, काहीही न खाता दीर्घकाळ जगू शकतात, त्यामुळे ती एकदा कोठारात शिरली की निघता निघत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाने 2020 पासून नियम कडक केले. त्यांतली सवलत मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे: तळणे, भाजणे, उकडणे अशी उष्णतेची प्रक्रिया झालेला आणि व्यावसायिक रीतीने तयार करून बंद केलेला माल या मनाईतून वगळलेला आहे. घरची चकली तळलेली असली तरी ती व्यावसायिक नव्हे, त्यामुळे तिचे भवितव्य समोरच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून राहते. तिला तो जाऊ देणारच नाही असे माझे म्हणणे नाही, पण भरवसा धरता येत नाही.

अर्थात पाकीट म्हटले की झाले, असेही नाही. बचत गटाचा किंवा कोपऱ्यावरच्या घरगुती उद्योगाचा माल चवीला उत्तम असतो, परंतु पारदर्शक पिशवी, मेणबत्तीवर चिकटवलेली कड आणि ‘भाजणी चकली, पाव किलो’ एवढीच मराठी चिठ्ठी, असा माल तिकडे घरच्या डब्यातच जमा होतो. घटकपदार्थ, उत्पादकाचा पत्ता आणि तारीख इंग्रजीत छापलेली असावी, आणि पाकीट फोडलेले नसावे. पेढे, बर्फी यांसारखी दुधाची मिठाई भारतातून नेताच येत नाही, मग ती कितीही नामांकित दुकानाची असो. सिंगापूर किंवा दुबईला विमान बदलणार असाल तर अनारसे आणि करंज्यांबद्दल वेगळा विचार करावा, कारण दोन्हींत खसखस असते आणि त्या दोन्ही ठिकाणी खसखशीवर बंदी आहे. अनारसे माझ्या बॅगेतून कायमचे बाद झाले ते यामुळेच.

तिसरा मार्ग म्हणजे काहीच न नेणे. मेलबर्नचे डँडेनाँग किंवा सिडनीचे हॅरिस पार्क इथल्या भारतीय दुकानांत शेव, चिवडा सर्रास मिळतो, त्यामुळे आठवड्याभराच्या मुक्कामासाठी बॅगेत फराळ कोंबण्याचे खरोखर कारण नाही. मुक्काम काही महिन्यांचा असेल, तर मला वाटते, पहिल्या दिवसांपुरती शेवेची आणि (वाटेत सिंगापूर किंवा दुबई असेल तर घटकांत खसखस नाही ना हे पाहून) बाकरवडीची छापील पाकिटे न्यावीत, ती बॅगेत अगदी वर ठेवावीत, आणि भाजणीचे सामान तिथल्या दुकानातून आणून तिथेच भाजावे. ते मिक्सरवर थोडे जाडसर दळले जाते, पण चकलीला चालते. सोऱ्या मात्र इथूनच न्यावा. पितळी सोऱ्याला टेबलापलीकडून कोणी हरकत घेतल्याचे मला आढळलेले नाही. त्याच्या वजनाला आमच्या घरातूनच तेवढी हरकत असते.