साडेतीन फुटांचा बोळ आणि कोर्टातली मध्यस्थी : इंदूरचा माझा अनुभव

रामबागेतल्या आमच्या घराच्या वाटणीचा दावा सहा वर्षं चालला. मी वादी, धाकटे दीर प्रतिवादी. खोल्यांवरून भांडण नव्हतंच. सगळं अडलं होतं मधल्या बोळापाशी. भाऊजींचा जिना तिथूनच चढतो आणि माझ्या मोरीचं पाणीही तिथूनच जातं. पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख, पडत गेली. शेवटी न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 प्रमाणे प्रकरण मध्यस्थीला पाठवलं.

मी धास्तावलेच. समजूत घालून मलाच गप्प बसवतील, असं वाटलं. तसं झालं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मध्यस्थ बाईंनी आधीच स्पष्ट केलं: मी निकाल देणार नाही, इथलं बोलणं न्यायाधीशांच्या कानावर जाणार नाही, जमलं नाही तर दावा होता तिथून पुढे चालेल. मग आम्हाला वेगवेगळं बसवून मला विचारलं, "बोळ तुमच्या नावावर झाला, तर तुम्ही त्याचं काय करणार?"

सहा वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मला बोळ नकोच होता. पावसाळ्यात मोरी तुंबली की दुरुस्तीला माणूस आत जाऊ देतील की नाही, हा घोर होता. आणि भाऊजींना वाटत होतं, मी जिना पाडायला लावीन. दोघांना समोरासमोर आणल्यावर ते म्हणाले, "वहिनी, जिन्याला हात लावणार नाही हे लिहून द्या, उद्या नळ बदलून घ्या." त्यांचा आवाज कापत होता. माझाही.

चार बैठका लागल्या. त्यातली एक मोजमापाचा नकाशा नसल्यामुळे वाया गेली, तेव्हा तो घेऊनच जा. बोळ सामाईक, त्यात गाडी किंवा सामान ठेवायचं नाही, मोरीची लाइन माझ्या खर्चानं, भिंतीच्या कोणत्या बाजूपासून किती फूट, सगळं करारात लिहिलं. त्यावरच न्यायालयाची डिक्री, म्हणजे हुकूमनामा, झाली. संमतीच्या डिक्रीवर अपील होत नाही, त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. मध्यस्थीची फी पडली नाही आणि 1870 च्या कोर्ट फी कायद्याच्या कलम 16 मुळे भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

एक खंत आहे. वाटणीच्या अंतिम डिक्रीला मुद्रांक लागतो, हे आमच्या वकिलांनी शेवटच्या दिवशी सांगितलं. ती रक्कम आधीच विचारून ठेवा.

पुतण्या लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच, नेमा म्हणत होता. त्यासाठी दोघांचा लेखी करार हवा, लवादाची फी आपण भरायची आणि निवाडा पुन्हा तिसऱ्याचाच. बिल्डरशी पैशांचा वाद असता तर मीही तो मार्ग धरला असता. ज्यांच्याशी रोज एकाच बोळातून जायचं आहे, त्यांच्याशी नाही.

घराच्या पुढच्या दुकानातला आमचा भाडेकरू मात्र यात बसला नाही. तो आमच्या दाव्यात पक्षकार नव्हता, त्यामुळे आमचा करार त्याला बांधत नाही. त्याला मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण (म्हणजे भाडेनियंत्रण) कायद्याचं संरक्षण आहे, आणि असे भाडेवाद लवादाकडे जाऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तो दावा वेगळा चालू आहे. त्याच्या पेशीला आता भाऊजी आणि मी एकाच रिक्षानं जातो.