व्रोव्हरच्या नावाखाली विकलेले ईएसपी३२ बोर्ड : नाशिकमधील खरेदीचा अनुभव

द्राक्षबागेतील तापमान, आर्द्रता आणि पानांवरील ओलावा नोंदवून त्याचा आलेख पडद्यावर दाखवणारे एक छोटे उपकरण आम्ही अंबडच्या आमच्या कार्यशाळेत तयार करतो. त्यासाठी १६ एमबी फ्लॅश (कोड साठवणारी कायमस्वरूपी स्मृती) आणि ८ एमबी पीएसरॅम (चालू कामासाठीची जादा स्मृती) असलेले ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या व्रोव्हर मॉड्यूलचे बोर्ड नाशिकमधल्याच एका विक्रेत्याकडून घेतले. साध्या व्रूम मॉड्यूलच्या बोर्डांपेक्षा त्यांची किंमत बरीच जास्त होती आणि ती पटवून देण्यासाठी विक्रेत्याने काउंटरवरच लॅपटॉप लावून प्रात्यक्षिक दाखवले, शिवाय पिनांचा छापील तक्ता आणि ‘तपासलेला’ नमुना कोडही सोबत दिला.

फसवणूक त्या कोडमध्येच होती. प्रात्यक्षिकात बोर्डवरचा दिवा लुकलुकत होता आणि सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डकडून आलेला मजकूर दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, ‘फ्लॅश १६ एमबी, पीएसरॅम ८ एमबी’ अशी ओळ उमटत होती. कोड उघडून वाचल्यावर लक्षात आले, की हे आकडे चिपला विचारलेलेच नव्हते; अवतरणचिन्हांत आधीच टाइप करून ठेवलेला मजकूर प्रिंटच्या आज्ञेने जसाच्या तसा छापला जात होता. तोच कोड आमच्याकडच्या एका जुन्या, साध्या बोर्डवर चढवला, तर त्यानेही आपण १६ एमबीचे असल्याचे बेधडक जाहीर केले.

तक्त्याने विक्रेत्याला आणखी उघडे पाडले. त्यात आणि कोडमध्येही दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) जीपीआयओ, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या पिना, १६ आणि १७ वर दिलेले होते. व्रोव्हर मॉड्यूलमध्ये हे दोन्ही पिन आतल्या पीएसरॅमसाठी गुंतलेले असल्यामुळे बाहेर वापरायला मिळतच नाहीत. आमच्याकडे मात्र रिले खटाखट चालत होते, म्हणजे ज्या पीएसरॅमचे जादा पैसे मोजले ती त्या बोर्डवर नव्हतीच. एरवी रिले चालला की माणूस निर्धास्त होतो; इथे तो चालणे हाच पुरावा ठरला.

मग ईएसपीटूल या ईएसपी चिपसाठीच्या संगणकावरील प्रोग्रामची ‘फ्लॅश आयडी’ ही आज्ञा चालवली. ती फ्लॅश चिपकडूनच माहिती घेते, आणि तिने ४ एमबी दाखवले. आयडीईच्या (कोड लिहून बोर्डवर चढवण्याच्या प्रोग्रामच्या) टूल्समध्ये पीएसरॅम चालू ठेवूनही कोडमधून घेतलेल्या तपासणीत ती सापडली नाही. शेवटी पट्टी लावली. व्रोव्हर मॉड्यूलची लांबी ३१.४ मिलिमीटर असते आणि व्रूमची २५.५, आमचे मॉड्यूल साडेपंचवीसच भरले, धातूच्या झाकणावरचे नाव काहीही असो. हे मोजमाप दुकानात उभ्या उभ्या, लॅपटॉपशिवायही करता येते.

विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते : “साहेब, दिवा लागतोय, वायफाय मिळतंय, मग बोर्ड खराब कसा?” बोर्ड खराब असल्याची आमची तक्रारच नव्हती, तो दुसराच असल्याची होती. न वापरलेले बोर्ड त्याने बरीच हुज्जत घालून परत घेतले, पण सोल्डर केलेल्यांना हात लावायला नकार दिला. बिलावर त्याने केवळ ‘ईएसपी३२ बोर्ड’ एवढेच लिहिलेले असल्याने कागदोपत्री त्याचे काही चुकलेलेही दिसत नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी बसत नाही, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेल्या खरेदीला त्या अटीतून सूट आहे. त्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पासाठी किंवा छंदासाठी बोर्ड घेणाऱ्यांची बाजू आमच्यासारख्यांपेक्षा भक्कम राहील, पण त्यांनीही मॉड्यूलचे पूर्ण नाव, फ्लॅश आणि पीएसरॅम बिलावर लिहून घ्यावी आणि विक्रेत्याने नाही म्हटले तर तिथूनच परत फिरावे.

तो तक्ता अजूनही त्याच्या बोर्डांसोबत दिला जातो. ओळखायची खूण अशी, की त्यात १६ आणि १७ वर रिले दाखवले आहेतच, शिवाय जीपीआयओ ३४ आणि ३५ हेही आउटपुट म्हणून छापले आहेत, जे ईएसपी३२ मध्ये केवळ इनपुटच आहेत.