मायक्रोबायोम सिक्वेन्सिंगची खासगी सेवा: एका महाविद्यालयीन विभागाचा अभिप्राय

मुंबईतील बहुतेक महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे स्वतःचे सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणारे यंत्र, नसते, त्यामुळे मानवी शरीरातील सूक्ष्मजीवांवर काम करायचे म्हटले की नमुने बाहेर पाठवावे लागतात. आमच्या विभागाने पदव्युत्तर प्रकल्पांसाठी, नैतिकता समितीची रीतसर मान्यता घेऊन, एका खासगी कंपनीची १६ एस सिक्वेन्सिंग सेवा, म्हणजे १६ एस या जनुकाचा क्रम वाचून नमुन्यातले जीवाणू ओळखण्याची सेवा, घेतली. आपल्याकडील संशोधन पुढे नेण्यास ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच निकषावर हा अभिप्राय लिहीत आहे.

किट उत्तम आहे. झाकणालाच चमचा जोडलेल्या नळीत डीएनए टिकवणारा द्राव आधीच भरलेला असतो, त्यामुळे नमुना बर्फात ठेवावा लागत नाही. विरार किंवा बदलापूरहून सकाळच्या गर्दीत लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी सोय आहे. मात्र या द्रावात जीवाणू मरतात, म्हणून ज्यांना ते वाढवून जतन करायचे आहेत त्यांनी ताजा नमुना वेगळा घ्यावा. सूचनापत्रक मराठीतही हवे होते.

पहिल्या खेपेत कंपनीने कोरा नमुना, म्हणजे काहीही न घालता सर्व प्रक्रियांतून नेलेली नळी, लावलाच नव्हता. डीएनए वेगळा करण्याच्या रसायनांतही जीवाणूंचा डीएनए असतो, हे २०१४ पासून पुराव्यानिशी माहीत आहे. विष्ठेच्या नमुन्यात तो झाकला जातो, पण त्वचेच्या स्वॅबमध्ये, जिथे जीवाणू मुळातच कमी, ही भेसळच निष्कर्ष म्हणून छापली जाऊ शकते. आम्ही आग्रह धरल्यावर वेगळे शुल्क आकारून कोरी नळी लावण्यात आली, आणि तिच्यात राल्स्टोनिया व ब्रॅडीरायझोबियम हे पाण्यामातीतले जीवाणू निघाले. या तपासणीसाठी जादा पैसे घेणे मला मुळीच पटलेले नाही.

सर्वांत गंभीर उणीव अहवालात आहे. भाकरी, वरणभात आणि उसळी खाणाऱ्या धडधाकट स्वयंसेवकांच्या सांकेतिक क्रमांकांपुढे ‘प्रेव्होटेला (आतड्यातील जीवाणूंची एक प्रजाती) प्रमाणापेक्षा जास्त’ अशा अर्थाचा लाल शेरा होता. हे प्रमाण कोणाचे, असे विचारल्यावर ते परदेशी नमुन्यांवरून घेतल्याचे कळले. अमेरिकेच्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली निरोगी माणसांची माहिती ह्यूस्टन आणि सेंट लुईस येथील २४२ जणांची होती. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भोपाळकडील आणि केरळातील ११० निरोगी भारतीयांच्या अभ्यासात, मुख्यतः शाकाहारी असलेल्या भोपाळकडील गटात प्रेव्होटेलाचेच प्राबल्य होते आणि केरळात चित्र वेगळे होते. म्हणजे देशातही एक मोजपट्टी चालत नाही. कोळीवाड्यातील मासे-भात आणि घाटावरची भाकरी यांना एकाच रकान्यात बसवता येणार नाही. २०२२ मधील एका जागतिक पाहणीनुसार, सर्वांसाठी खुल्या असलेल्या मायक्रोबायोम माहितीतील, मूळ देश माहीत असलेल्या नमुन्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक युरोप व उत्तर अमेरिकेतील होते. अशा स्थितीत निरोगी माणसाला लाल शेरा देणे ही केवळ सादरीकरणातील चूक नव्हे. त्यावर विसंबून कोणी आहार बदलला तर त्याचे नुकसान होऊ शकते.

तरीही ही सेवा मी पुन्हा घेईन, आणि त्याचे कारण अहवालाबाहेरचे आहे. कंपनीने मूळ फास्टक्यू फाइली, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे कच्चे क्रम, विनातक्रार दिल्या, आणि त्यांच्या एका तरुण शास्त्रज्ञाने विभागात बसून मुलांकडून चाइम २ या मोफत प्रणालीवर सारे विश्लेषण पुन्हा करून घेतले. यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांचे निकृष्ट भाग कुठे छाटायचे, हे एका विद्यार्थिनीने गुणवत्तेचा आलेख पाहून स्वतः ठरवले, आणि त्या एका निर्णयाने जीवाणूंची यादी कशी बदलते हे सर्वांनी पडद्यावर पाहिले. छापील अहवालातून हे कधीच शिकता आले नसते.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी कोरा नमुना, मूळ फाइली, उरलेला डीएनए परत मिळणे आणि ‘प्रमाण’ कोणत्या लोकसमूहावरून ठरवले याचा स्पष्ट उल्लेख, हे सारे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे. प्रत्येक नमुन्यासोबत वय, आहार आणि अलीकडे घेतलेली प्रतिजैविके यांची नोंद ठेवली आणि संमतीपत्रातच परवानगी घेतली, तर ही माहिती फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर या जैविक माहितीच्या राष्ट्रीय भांडारात जमा करता येईल.