थेट मॅनेजरपद की आधी सहायकाचा बाक: डाल्ग्लिश आणि अँचेलोत्ती

खेळाची शेवटची वर्षे मोजत असलेल्या फुटबॉलपटूला क्लबने मॅनेजरपद, म्हणजे मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले, तर ते लगेच स्वीकारावे की आधी जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली काही वर्षे काढावीत, हे ठरवताना लिव्हरपूलचे केनी डाल्ग्लिश आणि इटलीचे कार्लो अँचेलोत्ती या खेळाडू राहिलेल्या दोन प्रशिक्षकांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

डाल्ग्लिश यांना उमेदवारीचा काळ मिळालाच नाही. मे १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममधील प्रेक्षकांच्या दुर्घटनेच्या सुमारास लिव्हरपूलचे मॅनेजर जो फेगन पायउतार झाले आणि ३४ वर्षांचे डाल्ग्लिश खेळाडू असतानाच त्यांच्या जागी आले. काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आज संघाबाहेर ठेवण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. तरीही पहिल्याच हंगामात, ३ मे १९८६ रोजी चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर, चेंडू छातीवर झेलून त्यांनी स्वतः मारलेल्या एकमेव गोलाने इंग्लंडची लीग जिंकली आणि आठवड्याभरात एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धाही. यात एक गोष्ट सहज नजरेआड होते: संघ आयता आणि मुरलेला होता, शिवाय क्लबचे माजी मॅनेजर बॉब पेस्ली सल्लागार म्हणून सोबत होते.

या वाटेची किंमतही मोठी होती. १५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचे प्राण गेले. त्यानंतर डाल्ग्लिश एकेका दिवशी चार-चार अंत्यविधींना उभे राहिले. फेब्रुवारी १९९१ मध्ये शहरातील प्रतिस्पर्धी एव्हर्टनविरुद्ध चार वेळा घेतलेली आघाडी चारही वेळा हातची गेली आणि दोन दिवसांनी त्यांनी पद सोडले. एवढा आघात कोणालाही खचवणारा होता, त्यामुळे त्याचा दोष लवकर मिळालेल्या पदावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पुढे १९९५ मध्ये ब्लॅकबर्न या दुसऱ्या क्लबला लीग जिंकून देऊन त्यांनी आपले कर्तृत्व केवळ वारशाचे नव्हते, हे दाखवले.

अँचेलोत्ती १९९२ मध्ये खेळातून निवृत्त झाले आणि मिलानमधील आपले जुने प्रशिक्षक आरिगो साक्की यांचे इटलीच्या संघात सहायक झाले. १९९४ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी त्यांनी निर्णयाचे ओझे अंगावर न घेता जवळून पाहिली. मग दुसऱ्या श्रेणीतील रेजियाना क्लबचे प्रशिक्षकपद, आणि पहिल्याच हंगामात बढती. मात्र गुरूचा ४-४-२ साचा (चार बचावपटू, चार मध्यपटू, दोन आघाडीवीर) इतका अंगवळणी पडला होता की पुढच्या पार्मा क्लबमध्ये त्यात बसत नाही म्हणून त्यांनी नामवंत आक्रमक खेळाडू रोबेर्तो बाजोला नकार दिला. या चुकीची खंत त्यांनी पुढे मोकळेपणाने व्यक्त केली. पुढे मिलानचे प्रशिक्षक असताना मात्र त्यांनी मध्यपटू आंद्रेया पिर्लोला बचावफळीच्या पुढे खेळवून खेळाडूनुसार साचा बदलला. त्याआधी युव्हेंटसमधील दोन पूर्ण हंगाम दुसऱ्या क्रमांकावर संपले, तरी युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा असलेल्या चॅम्पियन्स लीगची पाच आणि पाच देशांतील लीग विजेतेपदे पुढे त्यांच्या नावावर लागली.

माझा कौल सहायकाच्या बाकाला आहे, कारण तिथे चुका स्वस्तात होतात. थेट पद घ्यायचेच असेल, तर शेजारी पेस्लीसारखा माणूस मिळणार आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. थेट पद घेऊन त्याच क्लबात अनेक हंगाम शिकत राहण्याची तिसरी वाटही आपल्याकडे दिसली आहे: खालिद जमील मुंबई एफसीत खेळायचे थांबले, २००९ पासून त्याच क्लबचे अनेक हंगाम प्रशिक्षक राहिले, आणि २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली.