जुन्नरची ठिकाणं कबूल सहा, दाखवली दीड

पोस्टर झकास होतं. वर शिवनेरीचा फोटो, खाली "एका दिवसात जुन्नर : प्राचीन लेणी, कबरी आणि घाट, अभ्यासकासोबत". माणशी १,८५० रुपये. त्यात गाडी, नाश्ता, जेवण, प्रवेशशुल्क सगळं आलं. ठिकाणं सहा : लेण्याद्री, तुळजा लेणी, भूतलेणी, शिवनेरीच्या कड्यातली लेणी, हापूसबागेतला घुमट आणि नाणेघाट. पुण्यातून पंधरा जण गेले. पाहून झालं लेण्याद्री, आणि तेही पुरतं नाही. घुमट गाडीच्या खिडकीतून दिसला. मधेच ओझरच्या गणपतीचं दर्शन घडवलं, जे पोस्टरवर कुठेच नव्हतं.

पैसे घेऊन कुणी पळालं नाही. गाडी आली, जेवण मिळालं, रात्री सगळे घरी पोचले. त्यामुळे "फसवलं" म्हणायला लोक कचरतात, आणि पुढच्या रविवारी तेच पोस्टर नव्या ग्रुपवर फिरतं. पण ज्याला जुन्नरचे रस्ते माहीत आहेत त्याला ही फसवणूक पोस्टरवरच वाचता येते. कशी, ते सांगतो.

जुन्नर हे असल्या धंद्याला फार सोयीचं गाव आहे. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामं आहेत, पण ती एका जागी नाहीत. अजिंठ्यासारखं एकदा तिकीट काढलं, ओळीनं पाहिली आणि झालं, असं इथं होत नाही. लेण्याद्री गावाच्या उत्तरेला, तुळजा पश्चिमेला पाडळीच्या बाजूला, मानमोडीचा डोंगर दक्षिणेला, आणि त्याच डोंगरात पुन्हा तीन गट : भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलेणी. बहुतेकांनी यातलं फक्त लेण्याद्री पाहिलेलं असतं, तेही अष्टविनायकाच्या यात्रेत. बाकीची नावं पोस्टरवर भारदस्त दिसतात, आणि ती गाळली तरी काय गळलं ते कुणाला कळत नाही.

आता घड्याळ लावून बघा. पुण्याहून जुन्नर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, नाशिक रस्त्यानं नारायणगावपर्यंत आणि तिथून डावीकडे. चाकणची गर्दी धरली तर तीन तास सोडा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. चढणं, पाहणं, उतरणं मिळून दोन-अडीच तास. तुळजाला गाडी खाली ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, वर तासभर, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. भूतलेण्यांची वाट घसाऱ्याची आहे, तिथंही दोन तास. शिवनेरीची लेणी किल्ल्याच्या पायऱ्यांवर लागत नाहीत, त्यांची वाट वेगळी, त्यांना अर्धा दिवस. नाणेघाट जुन्नरपासून तीसेक किलोमीटर, घाटघरच्या बाजूला. जायला तास, यायला तास, तिथं तास. घुमटाला अर्धा तास. पोटपूजेला दीड. ही बेरीज जाता-येताचा प्रवास धरून वीस तासांच्या वर जाते. सकाळी साडेसहाला निघून रात्री नऊला परत आणणाऱ्यानं ही बेरीज केली नसेल असं कुणी सांगू नये. त्यानं ती केली होती, म्हणून तर पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात "वेळ व परिस्थितीनुसार ठिकाणांत बदल संभवतो" ही ओळ होती. सहा नावं मोठ्या टायपात, ही ओळ मुंगीएवढी.

वेळ मारायच्याही ठरलेल्या जागा असतात. पहिली जागा पिकअप. साडेसहा ही स्वारगेटची वेळ. तिथून डेक्कन, शिवाजीनगर, नाशिक फाटा, भोसरी करत गाडी खरी सुटली आठ वाजून दहा मिनिटांनी. दुसरी, नाश्ता. मंचरच्या अलीकडे ठरलेल्या हॉटेलात पाऊण तास. लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत बारा वाजायला आले होते, आणि रविवार असल्यानं वर दर्शनाची रांग. खाली उतरून जेवण आटपेस्तोवर सव्वातीन. मग "तुळजाला आता बिबट्याचं भय असतं" असं सांगितलं गेलं. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत हे खरंच आहे, आणि अंधार पडल्यावर त्या वाटेवर थांबू नये हेही खरं. पण सव्वातीन म्हणजे अंधार नव्हे. गाडी वळली ओझरकडे, कारण तिथं रस्ता चांगला, चढ नाही, आणि देवदर्शनाला कुणी नाही म्हणत नाही.

लेण्याद्रीत 'अभ्यासकानं' सांगितलं की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली आणि गणपतीच्या सभामंडपाभोवतीच्या खोल्यांत ऋषी राहायचे. गणपती आहे ते सातवं लेणं म्हणजे बौद्ध भिक्षूंचा विहार. मोठं दालन, मधे एकही खांब नाही, तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून देवाचं गर्भगृह झालं. रांगेत उभं राहून डावी-उजवीकडे पाहिलं तरी त्या खोल्या आणि आतले दगडी ओटे दिसतात. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, आहे. दारावर एका ओळीचा ब्राह्मी लेख : कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत्त, त्याचं हे दान. लेणं खोदायचे पैसे कुणी दिले ते सांगणारी ही ओळ डोक्यावर असताना मंडळींना त्या दाराखाली सेल्फी काढायला दहा मिनिटं देण्यात आली, लेखाचा उच्चारही झाला नाही. देवावर श्रद्धा असणाऱ्यानं दर्शन जरूर घ्यावं. प्रश्न गाईडच्या मानधनाचा आहे.

घुमटाची गंमत त्याहून मोठी. पोस्टरवर "मलिक अंबरची कबर" असं छापलं होतं. निजामशाहीतला हबशी वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे, जुन्नरला नाही. हापूसबागेतली भव्य घुमटाची इमारत सौदागर घुमट म्हणून ओळखली जाते. हबशीबागेचं हापूसबाग झालं असं सांगतात, आणि त्या हबशी शब्दावरून मलिक अंबर चिकटवून दिला की पोस्टर खपतं. वास्तू स्वतः इतकी देखणी आहे की तिला उसन्या नावाची गरज नाही. बाहेरच्या भिंतींवरच्या कमानी आणि कोनाडे बघायला खाली उतरावं लागतं. गाडी उभीसुद्धा राहिली नाही.

नाण्यांचा प्रकार लेण्याद्रीच्या पायथ्याशी झाला. गाईडच्या ओळखीचा म्हणून एक जण आला, रुमालात बांधलेली हिरवट-काळी नाणी, "शेतात नांगरताना सापडली, सातवाहनांची". काही चांदीसारखी, ती म्हणे क्षत्रप राजा नहपानाची, जोगळटेंभीच्या साठ्यातली. नाशिक जिल्ह्यातला तो साठा १९०६ साली सापडला, त्यात तेरा हजारांवर नाणी होती हे खरं आहे. म्हणून तर ते नाव घेतात. एक नाणं पाचशेला, तीन बाराशेला. दोघांनी घेतली. संध्याकाळी गाडीत सोंड वर केलेल्या हत्तीची तीन नाणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तेव्हा तिन्हींवर हत्तीच्या मागच्या पायाजवळ एकाच जागी एकच बारीक ओरखडा होता. दोन हजार वर्षं वेगवेगळ्या हातांतून फिरलेल्या नाण्यांवर एकसारखा ओरखडा पडत नाही, तो एका साच्यातून येतो. कडेला नखानं खरवडलं तर हिरवा रंग सालीसारखा निघाला, आत पिवळंजर्द पितळ. आणि समजा नाणी खरी निघाली, तर आणखी पंचाईत. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं, १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही, आणि जमिनीत सापडलेलं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे खोटं घेतलं तर पैसे गेले, खरं घेतलं तर गुन्ह्यात पाय.

प्रवेशशुल्क पोस्टरवर 'समाविष्ट' होतं. तरी पायथ्याशी माणशी दीडशे रुपये रोख घेतले, "पुरातत्त्व खात्याची फी आणि कॅमेरा" म्हणून. लेण्याद्रीचं भारतीय पर्यटकाचं तिकीट २५ रुपयांचं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही, आणि मोबाइलनं फोटो काढायला फी नाही. पंधरा जणांचे २,२५० जमा झाले, तिकिटं ३७५ ची. तिकिटं हातात दिली नाहीत, एकगठ्ठा दाखवून खिशात घातली. तुळजा आणि भूतलेण्यांना तर तिकीटघरच नाही. त्यांच्या नावानं कुणी फी मागितली तर सरळ नाही म्हणा.

एकूण हिशेब असा. टेम्पो ट्रॅव्हलरला दिवसाचे निदान तीनशे किलोमीटर धरून भाडं लावतात, मग गाडी दोनशे तीस फिरो. चालकाचा भत्ता, टोल धरून नऊ-दहा हजार. खाणं माणशी साडेतीनशे म्हटलं तर सव्वापाच हजार. जाणत्या गाईडला तीन हजार द्या. सगळं अठरा हजारांच्या घरात. जमा झाले २७,७५०. नफ्याला हरकत नाही, धंदाच आहे. पण इतकं उरत असताना गाईडचे तीन हजार वाचवून पुतण्याला उभं करायचं, हे काही बरं नव्हे. (तो पुतण्या होता, हे परतताना चालकाच्या तोंडून निघालं.)

गाडी पांढऱ्या पाटीची होती. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं लागतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन बसवलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. निघायच्या आदल्या दिवशी गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथंच समजा.

आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा. पहिला : कुठल्या ठिकाणी किती वाजता पोचणार आणि किती वेळ थांबणार, ते ठिकाणवार लिहून पाठवा. ज्याला खरंच न्यायचं आहे तो पाच मिनिटांत पाठवतो, आणि सहाची तीन ठिकाणं तो स्वतःच करतो. दुसरा गाईडसाठी : तुळजा लेण्यातलं चैत्यगृह इतरांहून वेगळं कसं? गेलेला माणूस लगेच सांगेल की ते गोल आहे, मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखं छत. न गेलेला "फार प्राचीन आहे हो" म्हणेल. शिवनेरीच्या लेण्यांबद्दल विचारायचं तर तिथं पाण्याची दोन टाकी कुणी दिली ते विचारा. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, असं लेखात आहे. सरकारमान्य गाईड असल्याचं सांगत असेल तर ओळखपत्राचा फोटो मागा आणि मुदत पाहा. जीएसटी नंबर नसणं म्हणजे लबाडी नव्हे, छोट्या धंद्याला तो लागत नाही. पण पोस्टरवर नंबर छापला असेल तर जीएसटीच्या साइटवर तो फुकट तपासता येतो. या पोस्टरवरचा नंबर भलत्याच जिल्ह्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला.

स्वतः जायचं तर एका दिवसात दोन लेणी आणि घुमट, एवढंच धरा. पहाटे निघून आधी तुळजा, मग ऊन चढायच्या आत लेण्याद्री, संकष्टी आणि रविवार टाळून. नाणेघाटाला वेगळा दिवस. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका. कड्यांना आग्यामोहळं लटकलेली असतात.

गेलेल्या पैशांचं काय झालं? पंधरापैकी सात जणांनी पोस्टर, यूपीआयच्या पावत्या आणि वेळेसकट फोटो एकत्र केले आणि ठिकाणवार पत्र लिहिलं : कबूल काय, दाखवलं काय, वर रोख किती घेतले. पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. (१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. पैसे भरले आणि माणूस गायबच झाला, तर तो तासाभरात लावा.) आधी उत्तर आलं, "पुढची ट्रिप अर्ध्या पैशात". ते नाकारल्यावर बाराव्या दिवशी सातही जणांच्या खात्यात प्रत्येकी ९०० रुपये आले. उरलेल्या आठांतल्या तिघांनी मग पोस्टर शोधायला घेतलं, पण तोवर ॲडमिननं ते ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट केलं होतं.