किंडल पेपरव्हाइट: वाचायला उत्तम, उसने द्यायला अवघड

किंडल पेपरव्हाइट हे वाचनयंत्र बडोद्यातील मराठी वाचकाने घ्यावे की नाही, या प्रश्नाची दोन उत्तरे द्यावी लागतात. एक उत्तर एकट्याने वाचणाऱ्यासाठी आहे आणि दुसरे, वाचून झालेले पुस्तक कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याच्यासाठी.

पहिले उत्तर थोडक्यात देता येते. पडदा डोळ्यांना त्रास देत नाही, भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते, एकदा चार्ज केले की कित्येक आठवडे चिंता नसते आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येत असल्याने घरातील ज्येष्ठांची मोठीच सोय होते. डिसेंबर २०१६ पासून मराठी आणि गुजराती पुस्तकेही किंडलच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉन कंपनीच्या, ऑनलाइन दुकानात अधिकृतपणे मिळू लागली. त्यामुळे आजी मराठी वाचते आणि नातवंडे गुजराती, अशा बडोद्यातील घरांना एकच यंत्र पुरते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर मात्र आहे. छापील आवृत्ती उपलब्ध असलेल्या ई-पुस्तकांवरचा दर २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, तरी हा भेद मला अजूनही अनाकलनीय वाटतो.

दुसरे उत्तर मात्र विस्ताराने द्यावे लागेल, कारण बडोद्यात पुस्तक फिरवणे ही केवळ हौस नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले आणि पेट्यांमध्ये पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठवण्याची व्यवस्था केली. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच परंपरेचे आहे. अशा गावातील वाचक किंडलवर पुस्तक विकत घेतो, तेव्हा त्याच्या हाती पुस्तक येत नाही, फक्त ते वाचण्याचा परवाना येतो. कंपनीच्या अटींत हे स्पष्ट लिहिलेले आहे. २००९ साली हक्कांच्या वादातून विकलेली काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांवरून दुरूनच पुसून टाकण्यात आली होती आणि त्यावर टीका झाल्यानंतर कंपनीने माफीही मागितली; तेव्हा परवाना म्हणजे काय, हे जगाला उमगले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबी वायरीने यंत्रात नेण्याची सोयही बंद झाली.

मग मैत्रिणीने ‘ते नवे पुस्तक मला पाठव ना’ म्हटले, तर काय करावे? छापील प्रत उसनी देण्यास आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येत नाही, कारण ती प्रत आधीच बाजारात आलेली असते आणि तिच्यातून नवी प्रत निर्माण होत नाही. फाइल पाठवली की मात्र दुसरी प्रत तयार होते, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही प्रत करणेच होय, असे तोच कायदा मानतो. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने फाइलवरचे डिजिटल कुलूप तोडल्यास २०१२ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका मैत्रिणीसाठी कुणी पोलीस पाठवणार नाही, हे खरे. पण पोलीस येणार नाहीत म्हणून ती कृती योग्य ठरते, असे मला म्हणवत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. दिल्यानंतर देणाऱ्याकडे ती वस्तू उरते का? पुस्तक उसने दिले की कपाटात तेवढी जागा रिकामी होते, आणि ते परत येईपर्यंत आपल्याला थांबावे लागते. लेखक आणि प्रकाशक या देवघेवीला शतकभर हरकत घेत आलेले नाहीत, ते याच कारणाने. फाइलीच्या बाबतीत आपले काहीच जात नाही, जाते ते दुसऱ्याचे. मराठीत एखाद्या पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १०२४ सभासद मावतात. म्हणजे सज्जन माणसाने साहित्यप्रेमापोटी टाकलेली एकच पीडीएफ अख्ख्या आवृत्तीचे ग्राहक एका संध्याकाळी संपवू शकते. त्या गटातले सगळे काही पुस्तक विकत घेणार नव्हते, हा बचाव मला मान्य आहे, पण अर्धवटच.

जुन्या पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून कुणीही कुणालाही निर्धास्तपणे पाठवावे. लेखकांच्या संमतीने विनामूल्य पुस्तके देणारे ई साहित्य प्रतिष्ठानही आहे, आणि अशा पीडीएफ किंडलवर चालतात, फक्त लहान पडद्यावर त्यांची अक्षरे बारीक दिसतात. पेच उरतो तो हयात लेखकाच्या, बाजारातून नाहीशा झालेल्या पुस्तकाचा. तिथे मी लेखकाला किंवा प्रकाशकाला पत्र लिहून विचारावे या मताचा आहे. उत्तर आले नाही, तर ग्रंथालय गाठावे.

किंडलचा खरा दोष असा, की प्रामाणिक माणसाला प्रामाणिकपणे उसने देण्याचा मार्गच ते सुचवत नाही. काही दिवसांसाठी माझ्या यंत्रावरचे पुस्तक बंद ठेवून मित्राच्या यंत्रावर उघडणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. ते होत नाही तोवर यंत्रच उसने द्यावे. माझ्या कसोटीला ते पूर्ण उतरते, कारण मित्र वाचत असेपर्यंत आपण त्या यंत्राविना असतो.

मात्र देण्यापूर्वी सेटिंग्जमधील पालक-नियंत्रणाने दुकान बंद करावे, नाहीतर चुकून झालेली खरेदी आपल्या खात्यावर पडेल. एअरप्लेन मोड सुरू ठेवावा, म्हणजे मित्राने गाठलेले पान आपल्या फोनवरच्या किंडल अ‍ॅपमधील वाचनाची खूण पुढे ढकलणार नाही. एकाच पुस्तकासाठी सगळे यंत्र गुंतवायचे नसेल, तर छापील प्रत घ्यावी; मी हल्ली दुसऱ्याला द्यावीशी वाटणारी पुस्तके छापीलच घेतो आणि किंडलवर फक्त स्वतःपुरती.