ओली गाडी ताब्यात घेऊ नका : सेल्फ ड्राइव्हमध्ये गेलेले २८,९५० रुपये

गाडी ओली होती. तिथेच कळायला हवं होतं.

शनिवारी पहाटे पावणेसहा, पार्किंगमध्ये एकच ट्यूबलाइट, आणि सेल्फ ड्राइव्हने, म्हणजे स्वतः चालवायला, भाड्याने घेतलेली पांढरी सात सीटर डिझेल एसयूव्ही पाणी निथळत उभी. गाडी द्यायला आलेला पोरगा म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी आत्ताच धुतली." आणि गाड्यांमधलं आपल्याला कळतं असं समजणारा मी चक्क खूश झालो! ओल्या रंगावर ओरखडा दिसत नाही. खाचेत पाणी भरतं आणि पत्रा सपाट वाटतो, वाळल्यावर तीच रेघ उठून दिसते. व्हिडिओ काढला होता हो, चांगला चार मिनिटांचा. त्यात फक्त थेंब चमकतात. फडकं मागा, गाडी पुसून घ्या, मग मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा फिरवा.

भाडं ४८ तासांचं १४,४०० रुपये, डिपॉझिट २०,०००. शिवाय माझी दुचाकी आणि तिचं आरसी गाडीवाल्यांकडे तारण. रविवारी रात्री गाडी परत दिली, "बघून कळवतो" एवढंच उत्तर मिळालं आणि मी सहीचा कागद न घेता निघालो. ही दुसरी चूक. सोमवारी हिशेब आला: मागचा डावा दरवाजा आणि चाकावरचा पत्रा रंगवणं ९,८००, मागचं डावं अलॉय चाक ६,५००, गाडी दोन दिवस उभी राहणार म्हणून ९,०००, वेगमर्यादा दोनदा मोडल्याचे १,०००, डिझेल १,८५०, सफाई ८००. एकूण २८,९५०. डिपॉझिट जप्त, वर ८,९५० भरा आणि दुचाकी न्या. भरले. कामावर जायला दुचाकी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वाहन तारण ठेवायला सांगितलं, तर तिथूनच मागे फिरा.

सफाईचे आठशे कबूल, दिवेआगरची वाळू मॅटमध्ये होतीच. पण वेग? ताम्हिणी घाटात ताशी ११२ किलोमीटर म्हणे. सात माणसं आणि सामान भरलेली ती गाडी त्या वळणांवर ११२ने कोण नेऊन दाखवतो ते बघायचंय मला.

ओरखड्याबद्दल उत्तर ठरलेलं: "कोकणात गेलात ना, जांभ्याला घासली असणार." जांभ्याला घासली तर रुंद, खरबरीत पट्टा उठतो आणि खाचेत तांबडी पूड अडकते. इथे केसाएवढी एकच रेघ होती, आत काळा मळ आणि कडेला वाळून बसलेलं पांढरं पॉलिश. मी दोन दिवसांत समुद्रावर बसून गाडीला पॉलिश मारलं का? अलॉयचंही तेच. ताजं घासलेलं अॅल्युमिनियम चकाकतं, हे काळवंडलेलं होतं. आणि आरसे धरून दोन मीटरच्या वर रुंद असलेली गाडी आम्ही गल्लीत घातलीच नव्हती, देवळापाशी लावून चालत जात होतो.

डिझेलचा काटा फसवा असतो. टाकी ८० लिटरची असेल तर काट्याचा आठवा भाग म्हणजे १० लिटर, आणि उतारावर उभ्या गाडीत काटा भलतंच दाखवतो. घेताना आणि देताना सपाट जागी इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डचा फोटो काढा, त्यात किलोमीटरही येऊ द्या.

चौकीत सांगितलं, "हा दिवाणी वाद आहे." मग वर सल्ला: "पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतलीतच कशाला?" बरोबर आहे, परवान्याच्या सेल्फ ड्राइव्हला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पण साहेब, अशी गाडी भाड्याने देणं बेकायदा, हे तुम्हालाच माहीत, मग कारवाई कोणावर? माझ्यावर? आरटीओत गेलो तर म्हणे, पैशाचं पोलिसांकडे, आणि गाडीवर कारवाई हवी तर गाडी समोर आणा. मी आणू? भाड्याने घेऊन? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. काही दिवसांनी 'समोरून प्रतिसाद नाही' म्हणून बंद. जो पैसे गिळून बसलाय, त्याने प्रतिसाद द्यायचा आणि मग तक्रार पुढे जायची!

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र पुरावा लागतो. दुरुस्तीचं बिल मागा, त्यावर गॅरेजचा जीएसटी क्रमांक आहे का बघा. मला 'उद्या पाठवतो' असं तीनदा सांगितलं आणि नंतर ब्लॉक केलं.

मित्राला त्याच गाडीची चौकशी करायला लावली. रंगकामासाठी उभी असल्याचं मला सांगितलं, त्याच दोन दिवसांपैकी एका दिवशी ती दुसऱ्याला दिलेली होती. पुढच्या शनिवारी रिकामी आहे, डिपॉझिट तेच. मित्राने डाव्या बाजूचा फोटो मागवला. आला. गाडी ओली होती.